शेख दहामची फुंकर

बसऱ्याच्या त्या चहाखान्यात एवढी गर्दी लोटली होती, की माश्यांनाही बसायला जागा मागावी लागत होती. मधल्या मेजावर तवलीची, म्हणजे फासे-सोंगट्यांच्या खेळाची, फळी उघडी होती, पण सोंगट्यांना सुट्टी होती. रोग्याने पेल्यातले दोन फासे खुळखुळवायचे आणि पेला फळीवर पालथा करायचा. एक्का पडला, तर औषध चालू. नाही पडला, तर रोग गेला. औषध नदीत टाकायचं आणि फुंकरीने रोग घालवणाऱ्या शेख दहामचं गुलाबपाणी विकत घ्यायचं.

आजवर एकालाही एक्का पडला नव्हता.

"एक्का म्हणजे रोग," पेल्यावर फुंकर घालत शेख सांगे. "फुंकरीसरशी तो पळतो. मी फाशांना शिवत नाही, तुम्हीही शिवू नका. बोट लागलं की फुंकर उतरली."

खांबाला टेकून उस्ता मिझहिर दातओठ खात होता. इथल्या तवलीचा तो जुना पंच. दानावरून भांडणाऱ्यांना गप्प करण्यात त्याची हयात गेली. घरात मात्र त्याचं कुणी ऐकत नव्हतं. त्याची बहीण हस्ना हिला साखरेचा आजार. तिला इथे सहा-पाच पडले, तेव्हापासून तिने इंजेक्शनं बंद केली होती.

"हस्ना, डोळे खोल गेलेत तुझे. सकाळपासून घागरभर पाणी प्यायलीस."

"ऊन आहे, तहान लागणारच. आणि दान मी टाकलं, शेखनं नाही."

"अगं, हाडाच्या तुकड्याला तुझी साखर कशी कळेल?"

"तुला जन्मभर फासेच कळले, दादा. माणसं कुठे कळली?"

मिझहिर शेजारच्या अबू नाहिदकडे वळला. "तू तरी सांग तिला."

"काय सांगू? पडलं ते दान खरं, हे तूच आम्हाला शिकवलंस."

मिझहिरने कपाळाला हात लावला. मग गर्दीतून वाट काढत तो थेट फळीसमोर जाऊन बसला.

"माझा गुडघा दुखतो," तो म्हणाला.

"अखेर पंचही आले म्हणायचे," शेख हसला. फुंकर पडली. मिझहिरने पेला असा काही आपटला, की एक फासा फळीवरून उडून बाकाखाली गेला.

"बाद!" सगळा चहाखाना एका सुरात ओरडला. श्रद्धा कितीही असली, तरी तवलीची सवय जुनी.

"हात लावू नका!" शेख उठला.

"फळीबाहेरचं दान बाद, आणि फासा पंच उचलतो," अबू नाहिद म्हणाला. "नियम आहे, शेखसाहेब. इथे वझीर आला तरी हाच."

मिझहिरने फासा उचलला आणि बोटांत फिरवला. वर सहा, खाली सहा. समोर पाच, पाठीमागेही पाच. उरल्या दोन्ही बाजूंना चार. दुसरा फासा उचलला, तोही तसाच.

"माणसाला फाशाच्या एका वेळी तीनच बाजू दिसतात," तो म्हणाला. "या तीन वेगवेगळ्या आहेत, म्हणून शंका आली नाही. मागच्या तीन याच पुन्हा कोरल्यात. एक्का कोरलेलाच नाही, तर पडेल कुठून?"

"याच्या अश्रद्धेनं एक्का पळाला," शेख म्हणाला. आणि खरं सांगतो, मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी मानही डोलावली. तेवढ्यात शेख मागच्या दाराने निसटला.

हस्नाने फासा मागून घेतला आणि एकेक बाजू बोटाने चाचपली. मग उभी राहायला गेली, तर तोल गेला. मिझहिरने तिला धरलं आणि दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी सलाईन संपता संपता ती म्हणाली, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"रोज सांगत होतो."

"ओरडत होतास. फासा दाखवला नाहीस."

मिझहिर चरफडला. पण तिचं खरं होतं.

शेख दहाम आता दुसऱ्या गावात फुंकर घालतोय, आणि तिथेही रांग आहे म्हणतात. तुमच्या गावात आला, तर वाद घालत बसू नका. फासा हातात मागा आणि सहाही बाजू बघा. बघू देत नसेल, तर तिथून उठा आणि घरी जाऊन आपलं औषध घ्या.