सुरंगीकडची काच

"काका, आता सांगा. बाग दिसता काय नाय?" शेवटच्या काचेवरचा निळा कागद सोलून काढत मंगेशने विचारलं.

हरिश्चंद्र आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी डावीकडून उजवीकडे सावकाश मान फिरवली आणि म्हणाले, "दिसता तर! आरसोच बसवलंस रे."

मंगेश खूश झाला. कसालला दुकान टाकल्यापासून त्याने हॉटेलांना पुष्कळ काचा बसवल्या होत्या, पण एवढ्या जुन्या घराला पहिल्यांदाच. "दुहेरी काच आसा, काका. खारो वारो नाय, धूळ नाय. बाहेरचो आवाज पण आत येवचो नाय."

"समुद्राचो पण?"

"समुद्राचो पण नाय!" हे त्याने इतक्या अभिमानाने सांगितलं की हरिश्चंद्र नुसते "वा" म्हणाले.

त्यांची मुलगी किशोरी दारात उभी होती. तिचं लक्ष काचेकडे नव्हतं, बाबांच्या चेहऱ्याकडे होतं. ती एकाच प्रश्नाची वाट बघत होती. सुरंगीचां झाड खंय गेला?

बाबांनी तो विचारला नाही.

घर मालवणच्या अलीकडचं, चिऱ्यांचं, किती पिढ्यांचं ते आता कोणालाच नीट सांगता येत नव्हतं. पर्यटक गाड्या थांबवून पुढच्या कोरीव खांबांचे फोटो काढत आणि राहायची सोय आहे का म्हणून विचारत. पुढच्या बाजूचं एक कौलही बदलायचं नाही, यावर बापलेकीचं एकमत होतं. मागची पडवी मात्र आजोबांनी मागाहून वाढवलेली, बागेकडे सताड उघडी. बाबांची खुर्ची तिथेच. गेल्या पावसात त्यांचा खोकला छातीत उतरला आणि डॉक्टरांनी खारा वारा बंद करायला सांगितलं. बाबांना तिथून उठवून खोलीत बसवणं किशोरीच्या जिवावर आलं. काच लावली तर वारा अडेल आणि बागही राहील, असा तिने विचार केला.

सुरंगीचं झाड पडवीच्या अगदी कोपऱ्याला होतं. विमलाने, म्हणजे किशोरीच्या आईने, लग्न होऊन आली त्या वर्षी लावलेलं. शिमग्याच्या सुमारास ती पहाटे शिडी लावून कळे काढायची आणि उन्हं यायच्या आत वळेसार, म्हणजे गजरे, गुंफून मोकळी व्हायची. ती गेल्यावर कळ्यांना कोणी हात लावला नाही. फुलं झाडावरच उमलायची, मधमाश्यांची गुणगुण दिवसभर चालायची आणि बाबा त्या गुणगुणीखाली बसून राहायचे.

मंगेशने झाड बघूनच मान हलवली होती. "बाई, फांदी पडली तर काच गेली. मुळां पण घराच्या पायात शिरली हत. ह्यां झाड रवला तर माझी गॅरंटी नाय."

धूळ नको म्हणून बाबा तेव्हा फोंडाघाटला आत्याकडे होते. किशोरीने "उद्या सांगते" म्हणून मंगेशला दोनदा परत पाठवलं आणि तिसऱ्यांदा "तोडा" म्हणाली. त्या दिवशी ती मुद्दाम शाळेत उशिरापर्यंत थांबली. बाबा परत आले की चार शिव्या देतील, त्या ऐकून घेऊ, अशी तिने मनाची तयारी केली होती. बाबा आले आणि काहीच बोलले नाहीत. शिव्यांपेक्षा ते फार जड गेलं.

खरं म्हणजे गप्प बसणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांची सगळी नोकरी मालवणच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये झाली. अख्खा तालुका त्यांना आवाजावरून ठाऊक होता. मुंबईचा ट्रंककॉल जोडताना पलीकडच्याच्या नुसत्या 'हॅलो'वरून त्यांना बातमी कसली आहे ते कळायचं. वाईट असली की ते कानावरचा हेडफोन उतरवून ठेवायचे, दुसऱ्याचं रडणं ऐकायचं नाही म्हणून. पुढे कॉल आपोआप लागायला लागले आणि त्यांना बिलांच्या खिडकीत बसवलं. तिथेही माणूस नाव सांगायच्या आत हे मान वर न करता "काय रे, आवस बरी मा?" विचारून मोकळे.

दिवाळीनंतर काच बसली आणि बाबांना नवाच नाद लागला. किशोरी कसालच्या शाळेतून संध्याकाळी घरी आली की ते तिला बागेची खबर द्यायचे.

"आज कुकुडकोंबो इल्लो. थंय, केळीर येवन बसलो."

"धोंडू नारळ पाडूक इल्लो. माडावरसून माका हात दाखवल्यान."

किशोरी खांद्यावरची पिशवीही न उतरवता ऐकायची. झाडाचा राग धरला नसावा, असं वाटून तिला हलकं व्हायचं. काच लावली ते फार चांगलं झालं, असं ती शाळेत चारचौघींना सांगूनही बसली.

मग एकदा धोंडू तिला एसटीत भेटला, हातात काठी. "पाय मोडून घेतलंय गो बाय. दिवाळीपासना एका माडार चढूक नाय मी."

बाबांनी दुसऱ्या कोणाला तरी बघितलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं.

शिमगा आठवड्यावर आला होता. ती पडवीत पाऊल टाकते तोच बाबा म्हणाले, "किशू, बघ गो! सुरंगी फुलली."

"खंय?"

"खंय म्हणजे? ह्या काय समोर. फांदयेफांदयेक फुलां! आणि कसली माशी जमली हा! आयकाक येणा नाय, पण दिसता बरां. तुझी आवस आसती तर आता शिडी मागल्यान आसती."

समोर तोडलेला बुंधा होता. त्याच्यावर किशोरीनेच क्रोटनची कुंडी ठेवली होती.

पिशवी खाली ठेवून ती स्वयंपाकघराच्या दाराने बागेत गेली आणि त्या बुंध्याशी, काचेसमोर येऊन उभी राहिली. बाबा तिच्याकडेच बघत होते आणि हसत होते. तिने हात वर केला. ते तसेच हसत राहिले. तिने हाक मारली, "बाबा!" मग जोरात मारली. काच दुहेरी होती, आत काहीच गेलं नाही.

तिथे उभ्या उभ्या तिला एकेक आठवायला लागलं. गणपतीपासून ते पेपर तिच्याकडून वाचून घेत होते, "तुझो आवाज आयकाक बरो वाटता" म्हणून. भिंतीला हात लावून चालत, तर तिला वाटलं गुडघे धरले असतील. सुरंगीबद्दल विचारलं नाही ते झाड गेलेलं दिसलंच नाही म्हणून. आणि ह्या रोजच्या खबरी! तिने हौसेने काच बसवली, ती वाया गेली असं तिला वाटू नये म्हणून ते दिवसभर बसून तिच्यासाठी बाग रचत होते.

दुसऱ्या दिवशी तिने शाळा बुडवली आणि मालवणला बाबांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटीच गेली.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाले. "मी त्यांना सांगितलं होतं, घरच्या कोणाला तरी घेऊन या. ते म्हणाले, मुलगी कामात असते, तिला आणखी घोर नको. आता गेलेली नजर परत येत नाही, बाई."

काचबिंदू हा शब्द तिने जन्मभर ऐकला होता. त्यात काच आहे, हे तिला आज ऐकू आलं. डोळे गेल्यावर त्या माणसाकडे कान उरले होते आणि आपण त्यांच्यापुढेही काच लावली, झाड तोडून. दवाखान्याच्या पायरीवर बसून ती रडली. माशांच्या पिशव्या घेऊन बायका जात होत्या, त्यांतल्या एकीने थांबून पाणी विचारलं.

बाजारात सुरंगीचे वळेसार आले होते. तिने एक घेतला.

घरी येऊन तिने तो बाबांच्या हातात ठेवला. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "काढलंस? शिडयेर चढलंस?"

"होय."

"पडशीत गो, येडे!" ते वास घेत राहिले. घेता घेता त्यांची बोटं वळेसारावरून फिरली आणि गाठीशी थांबली. आई केळीच्या वाकाने, सोपटाच्या धाग्याने, गुंफायची. हा दोऱ्यात होता, बाजारच्यासारखा.

"काच जरा सरकव," ते म्हणाले.

तिने काच सरकवली. समुद्राची गाज आत आली, वाळकी पानं वाजली, लांब कोणाची तरी मोटरसायकल गेली. बाबांनी कान सुरंगीच्या कोपऱ्याकडे केला आणि ऐकत राहिले. एकही माशी गुणगुणत नव्हती. वास होता तो त्यांच्या हातातलाच.

आता विचारतील, किशोरीला वाटलं. विचारू देत. सगळं सांगून टाकीन, त्यांनाही सांगायला लावीन.

बाबांनी वळेसार तिच्यापुढे धरला. "आवशीच्या फोटोक घाल."

"घालतंय."

"आणि किशू, आता कळे काढू नको. झाडारच रवांदेत."

किशोरीने वळेसार हातात घेतला. बाबा मग म्हणाले, "फुलली हत तशीच बरी दिसतत. काच लाव आता. इतक्या हौशीन बसवलंस."

"रवांदे, बाबा, उघडीच."

"लाव गो. वारो येता."

तिने काच लावली. समुद्राचा आवाज गेला. बाबा सुरंगीकडे बघत बसले.