डिग्रीबाईचा तक्ता

थर्मामीटर जिभेखाली असताना बोलायचं नसतं, म्हणून की काय, सासूबाई नेमक्या तेव्हाच बोलायच्या.

"उठली का नाही अजून? पोर नाही, बाळ नाही, आणि झोप बघा राणीसरकारांची!"

ती गप्प पडून राहिली. सकाळी डोळे उघडले की पाय जमिनीला लागायच्या आत तापमान घ्यायचं, असं दवाखान्यातल्या नर्सने बजावलं होतं. बीप वाजलं. तिने आकडा लिहिला आणि मगच उठली.

आकडे लिहिण्याचं तिला नवल नव्हतं. लसींच्या गोदामातल्या फ्रिजांचं तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, हीच तिची अकरा वर्षांची नोकरी. तिथे सगळे तिला डिग्रीबाईच म्हणायचे. नर्सने कोरा तक्ता पुढे सरकवला तेव्हा डिग्रीबाईला हसूच आलं. अगं बाई, हे तर आपलंच काम! पाळीचा पहिला दिवस म्हणजे एक नंबर. तिथून पुढे रोज सकाळचं तापमान, रोजचा स्राव कसा आहे त्याची नोंद. बीज सुटलं की तापमान जरासं चढतं आणि पुढची पाळी येईपर्यंत चढलेलंच राहतं.

"पण ते चढेपर्यंत वेळ गेलेली असते," नर्स म्हणाली. "दोन महिने नीट लिहा, तुमच्या शरीराची चाल कळेल. मग चढायच्या आधीचे पाच-सहा दिवस सोडायचे नाहीत."

तिसऱ्या महिन्यापासून ती त्या दिवसांभोवती लाल गोल करू लागली. तक्ता तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तोंडाने सांगायची लाज वाटायची. नवऱ्याला शर्ट काढताना दिसेल आणि समजेल, एवढाच बेत.

त्याला समजलं. फारच छान समजलं.

नवरा पाणीपुरवठ्यावर पंपचालक होता. लाल गोल आले की त्याची रात्रपाळी लागायची. एक महिना, दोन महिने, पाच महिने. "साहेब लावतो, मी काय करणार?" असं म्हणून तो बॅटरी उचलून निघायचा. तिला सदतिसावं सरत आलं होतं. त्या साहेबाला तिने मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की त्याला जागेपणी ठसके लागले असतील.

एका मंगळवारी दिवसपाळीला जाताना नवरा डबा विसरला. कामावर जाता जाता ती पंपघरात द्यायला गेली. तो टाकीवर चढला होता. त्याचा जोडीदार फडक्याला हात पुसत पुढे आला.

"वहिनी, बरं झालं भेटलात. ह्याला जरा समजवा. दर महिन्याला माझी रात्रपाळी आपणहून मागून घेतो. माझी चंगळ आहे म्हणा, पण माणसाने किती जागायचं?"

भिंतीवर पाळ्यांचा कागद होता, मागचे महिनेही खाली टाचलेले. डिग्रीबाईने एकेक उचलून पाहिला. लाल गोल तिला तोंडपाठ होते. पाच महिन्यांत एकही तारीख हुकली नव्हती. साहेब बिचारा निर्दोष होता.

तिने डबा ठेवला आणि कामावर गेली. फ्रिजचे आकडे त्या दिवशीही बिनचूक लिहिले.

तिची पुढची मासिक पाळी आली आणि कपाटात नवा तक्ता लागला. गोल एकही नाही. नवव्या दिवशी सकाळी नवरा शर्ट हातात धरून कपाटापुढे बराच वेळ उभा राहिला. बोट चौकटींवरून फिरत होतं.

"या महिन्यात गोल नाही केलेस?"

"का? रात्रपाळी कधी मागायची ते कळेना होय?"

तो पलंगाच्या कडेवर बसला.

"नेमक्या दिवशीही मूल राहिलं नसतं, तर... तर दोष माझ्यावर आला असता. कुठे तोंड दाखवलं असतं मी?"

"आणि लग्नापासून नऊ वर्षं मी कुठलं तोंड दाखवतेय?" तिचा आवाज फाटला. "माझे दिवस किती उरलेत, माहीत आहे तुम्हाला?"

"हळू," तो दाराकडे बघत म्हणाला. "आईला सांगू नकोस."

ती काही सांगायला गेली नाही. सांगायचं कुणी, हे त्याला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोळे उघडले आणि थर्मामीटर जिभेखाली धरला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "कूस भरायची नाही ती नाही, निदान वेळेवर उठावं तरी!"

नवरा शेजारी जागाच होता. त्याच्या तोंडात थर्मामीटर नव्हता, तरी तो काही बोलला नाही.

बीप वाजलं. तिने आकडा लिहिला.