जाड बाजू पुढं

मी एक पाचर बोलतेय. लोखंडाची, तळहाताएवढी, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ. लाकूड फोडणारी पाचर माझी लांबची नातलग. तिचं काम फोडायचं, माझं काम आवाज बंद करायचं. जीपच्या मागच्या आक्सलखाली आणि स्प्रिंगच्या पाट्याच्या वर, चार बोल्टांच्या आवळणीत मी बसलेली असते. तिथं बसून जे ऐकलं ते सांगते, कारण ते माझ्या अंगातून अजून जात नाही.

माझा जन्म सांगलीत, भरतेशअण्णांच्या वर्कशॉपमध्ये झाला. माझी एक जुळी बहीण आहे, ती पलीकडच्या चाकाजवळ असते. आम्हाला तासून झाल्यावर अण्णांनी कडेवर अंगठा फिरवून बघितला आणि समोरच्या मुलीला म्हणाले, "ताई, ह्या बसल्या की गाडी घुमायची न्हाई. चालू हाय का बंद, हात लावून बघायला लागंल बघा."

ती मुलगी, अंकिता, हसली नाही. मला वाटलं, घुश्शात असेल.

अंकिता जनावरांची डॉक्टर. राहायची कडेगावला, आईबरोबर. आटपाडीकडच्या मेंढ्यांसाठी तिला दगडधोंड्यांतून जावं लागायचं, म्हणून ही जीप. जीप मुळात तिच्या भावाची, वीरधवलची. तो फौजेत होता. सुट्टीवर आला की गाडीखालीच पडलेला असायचा. डोंगर चढता यावा म्हणून त्यानं पाटे बदलून गाडी उंच केली आणि तेव्हापासून चाळिशीच्या पुढं काटा गेला की ती घुमायला लागली. घूं असा एकच जाड सूर. त्या सुट्टीनंतर तो परत आला नाही. वर सरहद्दीवर बर्फाचा कडा कोसळला. मी आले तेव्हा त्याला दोन वर्षं झाली होती.

तो सूर गाडी खात होता. इंजिनाची ताकद मागं नेणारा जो शाफ्ट असतो, तो गाडी उंच झाल्यानं तिरका झाला होता; त्याचा सांधा, म्हणजे क्रॉस, वर्षात दोनदा तुटला. दुसऱ्यांदा तुटला तो आटपाडीच्या उतारावर. शाफ्ट खाली आपटला, गाडी रस्ता सोडून गेली आणि एका बाभळीनं अंकिताला वाचवलं. तो तिरकेपणा काढायला, मला आणायला ती सांगलीला गेली ती त्यानंतर.

आम्हाला बसवलं कडेगावच्या नाथाजी मिस्त्रींनी. माणूस कामाला पक्का, पण त्यांनी आम्हाला उलटं बसवलं. मला ते बोल्ट आवळतानाच कळलं होतं. सांगणार कुणाला?

घरी येताना गाडी विसाच्या काट्यालाच घुमायला लागली. घुमणं कसलं, हंबरडाच तो. एरवी कालव्याच्या चढावर थांबणारा आवाज त्या संध्याकाळी थेट अंगणापर्यंत आला. घरातून मनुबाई, अंकिताची आई, अनवाणी धावत आली. हात पिठाचे.

"वीर आला. आगं, वीर आला."

मग तिनं स्टेअरिंगपाशी कोण आहे ते बघितलं.

"तू व्हय," म्हणाली आणि आत गेली.

माझ्यावर घण पडलेत, पण त्या दोन शब्दांएवढं मला काही लागलेलं नाही. अंकिता बराच वेळ खाली उतरली नाही. नंतर स्वयंपाकघराच्या दारातून तिचा आवाज आला, "आई, तीन कप कशाला गं?"

"रोजच काढती की. चढावर गाडी घुमली की आधण ठेवायचं. त्येला आल्या आल्या चा लागतो."

दोन वर्षं रोज घरी येणाऱ्या त्या पोरीला हे त्या दिवशी कळलं.

"आई, पाचर उलटी बसलीय. उद्या फिरवून बसवायची. मग आवाज येणार न्हाई."

"मंग नगं बसवू."

"क्रॉस परत तुटला तर मी मरंन, आई. दर खेपेला बाभळ नसती."

आतून आधणाचं भांडं खाली उतरवल्याचा आवाज आला.

"त्येचं तेवढंच राह्यलंय गं," मनुबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती अंकिताबरोबर मिस्त्रींकडे आली. ना हो म्हणाली होती, ना नाही. मिस्त्रींनी आम्हाला बाहेर काढलं आणि स्वतःच्या कानाला हात लावला. "चूक माजी. जन्म उसाच्या ट्रकाखाली गेला. त्यात पाटा आक्सलच्या वर, हितं खाली. समदं उलटं. हाताला सवय ती सवय."

या वेळी नीट बघावं म्हणून त्यांनी डिझेलच्या फडक्यानं चेसिसवरचा चिखल पुसला. खाली पिवळ्या रंगानं एक बाण काढलेला होता, शेजारी अक्षरं. मिस्त्रींनी सहज मोठ्यानं वाचलं.

"पाचर राह्यली. जाड बाजू पुढं. पुढच्या सुट्टीत."

वाचून झाल्यावर ते मला हातात घेऊन जीपखालून बाजूला सरकले.

मनुबाईनं पदर खोचला आणि त्या वयात पोत्यावर आडवी होऊन जीपखाली सरकली. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग तिनं मला मिस्त्रींच्या हातातून घेतलं. माझ्याकडं असं कुणी कधी बघितलं नव्हतं.

"हीच आणायची हुती व्हय त्याला," ती म्हणाली. "बसवा."

परत जाताना कालव्याच्या चढावर काटा चाळिशीच्या पुढं गेला. मी सगळं अंग दाबून धरलं. आवाज नाही. आणि मग घूं ऐकू आलं.

मी घाबरले. वाटलं, मी सरकले. वाटलं, तोच आला. पण बोल्ट घट्ट होते आणि आवाज वरून येत होता. शेजारच्या सीटवर मनुबाई ओठ मिटून तो सूर काढत होती, तोच जाड सूर.  अंकितानं वेग तेवढाच ठेवला. चढ संपला, जिथं गाडीचं घुमणं थांबायचं तिथंच मनुबाईही थांबली.

या गोष्टीला आता आठ महिने झाले. क्रॉस शाबूत आहे, अंकिताही. माझ्या कडांना गंज धरलाय. गाडी अंगणात उभी असली, इंजिन गार असलं, तरी माझ्या अंगात तो सूर घुमतो. मी त्याला गिळलं, त्याची ही शिक्षा असेल. तुमच्यापैकी कुणी पुढं कधी ही जीप विकत घेतलीत तर मला खुशाल भंगारात टाका, फक्त गाडी धुताना ती पिवळी अक्षरं तेवढी पुसू नका.

चढावर आता अंकिता दोनदा हॉर्न वाजवते. घरात आधण ठेवल्याचा आवाज येतो. मनुबाई कप किती काढते, ते मला खालून दिसत नाही.