सिंह पडल्यावरचे गाणे

शिकारीला जाणाऱ्या माणसाच्या पॅन्टला इस्त्री कशाला लागते, हे मान्याथीला आजवर कोणी समजावून सांगू शकलेले नाही. पॅन्ट घालून पाहुणा गवताच्या लपणात पालथा पडणार आणि संध्याकाळी तीच पॅन्ट धुळीने माखून परत येणार. तरी रोज सकाळी कोळशाची इस्त्री फुंकायची आणि त्या खाकी कापडाला कडक घडी घालायची, हे तिचे कॅम्पातले काम. त्या दिवशीही ती तेच करत होती.

"वहिनी, गळा बरा आहे ना?" तिचा दीर म्बुसो ग्लास पुसता पुसता म्हणाला. "मदेवू सांगून गेलाय, आज सिंह पडणार."

"गळ्याचं मी बघते. तू आधी खुर्ची पूस. मागच्या खेपेला कोंबडीची घाण होती तिच्यावर."

"ती पाहुण्याला शुभच ठरली की!"

स्वयंपाकी बाबा मोयो आतून हसले. मान्याथी मात्र हसली नाही. तिचा नवरा झ्वेली सिबांडा पहाटेच मदेवूबरोबर रानात गेला होता. झ्वेली माग काढणारा. मदेवू, म्हणजे आमच्या भाषेत दाढीवाला, हा कॅम्पचा गोरा शिकारी. तो इथेच जन्मलेला, आमची भाषा आमच्याइतकीच बोलणारा आणि शिव्या तर आमच्याहून जास्त देणारा. आणि पाहुणा होता हार्लन नावाचा, परदेशात दारे-खिडक्यांचा कारखाना असलेला एक धिप्पाड गृहस्थ. सिंह मारायला आला होता.

माटेत्सीच्या या रानात जितके कॅम्प आहेत, तितक्या ठिकाणी ही पद्धत आहे. पाहुण्याने सिंह पाडला की सगळ्या नोकरमंडळींनी हिरव्या फांद्या घेऊन फाटकावर यायचे. पाहुण्याला खुर्चीत बसवायचे, चौघांनी ती खांद्यावर घ्यायची आणि शेकोटीभोवती मिरवायची. पुढे मान्याथीने गाणे उचलायचे, मागे सगळ्यांनी ओढायचे. तू सिंह मारलास, आमची गुरे वाचली, आमच्या पोरी तुझे नाव घेतील, असे ते गाणे. गाणे खरे आहे आणि जुने आहे. आमच्या पणज्यांनी ते ज्यांच्यासाठी रचले, ती माणसे भाला घेऊन पायी जात होती. आम्ही काही सिंहावर माया करणारे लोक नाही. ज्याची गाय सिंहाने नेली आहे, त्याला सिंहाचे कौतुक सांगायला जाऊ नये. पण त्या काळी एक कायदा होता. ज्याचा भाला आधी लागला, तो जनावर संपेपर्यंत सगळ्यांच्या पुढे राहायचा. जखमी सिंह रानात टाकून जेवायला घरी आलेल्या माणसाला बायको ताट वाढत नसे.

तेवढा कायदा आता उरला नाही. गाणे तेवढे उरले आहे.

सूर्य झाडांच्या वर आला तेव्हा बंदुकीचा आवाज झाला. बाबा मोयोंनी कालथा हवेत धरून कान दिला. दुसरा आवाज आला नाही.

"एकच. म्हणजे बसली," ते म्हणाले.

बायका फांद्या तोडायला धावल्या. म्बुसोने खुर्ची फाटकावर नेऊन ठेवली. मान्याथीने इस्त्रीतले कोळसे राखेत झाकले आणि डोक्याचा रुमाल बदलला. गाडी आली. पण गाडीत सिंह नव्हता आणि झ्वेलीही नव्हता.

"झ्वेली कुठाय?" मान्याथीने विचारले.

"झाडावर बसलाय, काटेरी जाळीवर नजर ठेवून. धड आहे गं तो." मदेवू घाईने आत गेला आणि आपली जाड नळीची दुसरी बंदूक घेऊन आला. "पोटात लागलीय. जाळीत घुसलाय. थोडा मंदावला की आम्ही जाणार."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"मी आणि झ्वेली. अजून कोण?"

मान्याथीने जेवणाच्या शेडकडे पाहिले. हार्लन टोपी काढून बसला होता. बाबा मोयोंनी सवयीने त्याच्यापुढे अंडी ठेवली होती आणि तो ती खात होता. तोंड उतरले होते, पण खात होता.

"आणि हा?"

मदेवू तिच्याजवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हात बघितलेस का त्याचे? काटासुद्धा धरता येत नाहीये. याला मागे घेऊन जाळीत शिरलो तर सिंहाच्या आधी हाच आम्हाला मारेल, पाठीत. कळलं? मुद्दाम ठेवून चाललोय त्याला."

मदेवू खोटे बोलत नव्हता, आणि चीड येते ती इथेच. असल्या प्रकरणात खोटे बोलणारा माणूस शोधून सापडत नाही. पाहुण्याकडे परवाना असतो, शिकाऱ्याकडे अनुभव असतो, कंपनीकडे नियम असतात. प्रत्येकाचे म्हणणे ऐकले तर ते बरोबरच वाटते, आणि तरीही जाळीत शिरतो तो कोणाच्या तरी घरचा झ्वेली. गाडी निघून गेली.

मग नुसते थांबणे. बायका फांद्या घेऊन सावलीत बसल्या. फांद्यांची पाने मलूल झाली, तेव्हा कोणीतरी त्यांच्यावर पाणी मारले. बाबा मोयोंनी जेवणाचा इसिच्वाला, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घोटायला घेतला. मान्याथीने हार्लनची दुसरी पॅन्ट काढली आणि घडी तीन वेळा चुकवली.

अचानक दोन बार झाले, एकाला लागून एक. थोड्या वेळाने गाडी आली ती फाटकावर न थांबता सरळ डांबरी रस्त्याकडे सुटली. चालक ओरडून काहीतरी सांगत होता. मागच्या हौद्यात ताडपत्रीत कोणीतरी होते, आणि ताडपत्रीतून बाहेर आलेला बूट मान्याथीने ओळखला. म्बुसो धावत गेला आणि चढला. ती धावली, पण तिला चढता आले नाही.

मदेवू दुसऱ्या गाडीने आला. त्याच्या सदऱ्यावर छातीपासून खाली रक्त होते आणि ते त्याचे नव्हते.

"जिवंत आहे," तो तिला म्हणाला. "उजवा हात... हाताचं सांगता येत नाही. डॉक्टर बघतील. मी स्वतः नेतो तुला शहरात. सिंह आणला की लगेच."

"आत्ता न्या."

"पाहुण्याचा फोटो व्हायचाय. उन्हात कातडं खराब होतं, मान्याथी. थोडा वेळ."

हार्लनला जाळीपाशी नेले. सिंहाच्या तोंडावरचे रक्त पाण्याने धुतले, आयाळ हाताने विंचरली, हनुवटीखाली दगड लावला. पोटाची बाजू खाली ठेवली. हार्लन मागे बंदूक घेऊन बसला आणि फोटो निघाले. मग सिंह गाडीत घातला आणि गाडी फाटकावर आली. हार्लनला पद्धत ठाऊक होती. कोणी सांगण्याची वाट न पाहता तो उतरून खुर्चीत बसला.

सगळे मान्याथीकडे बघू लागले.

तिने फांदी जमिनीवर ठेवली.

"एक कडवं," मदेवू हळूच म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती. "एकच कडवं म्हण, खुर्ची एकदा फिरू दे आणि निघू. कंपनीवाल्यांना मी काय सांगू? माझ्यासाठी म्हण."

"तुम्हालाही येतं की ते गाणं. तुम्ही म्हणा."

"मान्याथी!"

"म्हणा ना! आवाज चांगला आहे तुमचा. तू सिंह मारलास, म्हणा. कोणाकडे बघून म्हणताय ते मला बघायचंय."

खुर्ची उचलणारे चौघे जागचे हलले नाहीत. कोणीतरी खोकले. हार्लनने इकडे तिकडे पाहिले आणि मदेवूला विचारले की पैशाबिशाचे काही राहिले आहे का. मदेवू त्याला म्हणाला, "नाही, लोक दमलेत, बाकी काही नाही." मान्याथीचे इंग्रजी गरम पाणी, साबण आणि डाग यांच्यापुरतेच होते. पण एवढे तिला कळले, आणि मग तिच्याने राहवले नाही.

ती खुर्चीसमोर गेली आणि आपल्या त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "तुम्ही मारलं. मग तुम्ही खाल्लं. झ्वेली गेला आत."

हार्लनचा चेहरा लाल झाला. "मी विचारलं होतं," तो म्हणाला. "मी येतो म्हणालो होतो. मला नेलं नाही."

तेही खरेच होते. त्याने विचारले होते, एकदा. नको म्हटल्यावर त्याला किती हलके वाटले, हे त्याच्या तोंडावर आताही वाचता येत होते. तो खुर्चीतून उठला. बसावे की उभे राहावे, हे त्याला कळेना.

मान्याथी मदेवूच्या गाडीची वाट बघत थांबली नाही. ती फाटकातून बाहेर पडली आणि डांबरी रस्त्याच्या दिशेने चालू लागली. तिच्यामागे बायका निघाल्या. बाबा मोयोंनी चुलीवरचे पातेले उतरवले आणि तेही निघाले. रस्त्यावर कोळशाच्या एका ट्रकने तिला घेतले. शहरात पोचली तेव्हा ती डोक्यापासून पायापर्यंत काळी झाली होती आणि इस्पितळातल्या नर्सने तिला आधी हातपाय धुवायला लावले.

झ्वेलीचा हात कोपराच्या वरून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर नीट आला आणि पहिले काय विचारावे त्याने?

"गाणं चांगलं झालं का, झोद्वाची आई?"

"नाही झालं. मी नाही म्हटलं."

"का?"

"का म्हणून विचारताय?"

"तू कोण नाही म्हणणारी?" तो उठून बसू लागला. "जाळीत त्याला मी शोधला! ते गाणं माझंही होतं. आता मला कॅम्पात कोण उभं करेल? हात गेला तो गेला, तू नोकरीपण घालवलीस."

एवढे होऊनही त्याला ती पद्धत आपली वाटत होती. मला त्याचा राग आला होता, अजूनही येतो. पण ज्याच्या कष्टाला दुसरा कसला मान मिळतच नाही, तो दुसऱ्याच्या खुर्चीमागून आलेला उष्टा मानही जपतो. मान्याथी त्याच्यावर ओरडली नाही. तिने त्याला पाणी पाजले.

"सिबांडा," ती म्हणाली, "गाण्यात तुमचं नाव कुठे आहे, सांगा."

तो बोलू लागला, पण गाण्याबद्दल नाही आणि हाताबद्दलही नाही. सिबांडांचे देवक सिंह. झ्वेली प्रत्येक सिंहाचा माग काढण्यापूर्वी त्याला पणजोबा म्हणत त्याची माफी मागत असे.

"गवत चावून ठेवलं होतं त्यानं," तो म्हणाला. "जिथे जिथे बसला तिथे तिथे. पोटातलं सगळं बाहेर लोंबत होतं आणि हा गवत चावत होता. आम्ही इतका वेळ वाट बघत बसलो, तो मंदावावा म्हणून. मला म्हातारं जनावर असं मेलेलं बघवत नाही. अंगावर आला तेव्हा मला वाटलं, बरोबर आहे तुझं."

तो रडू लागला. मान्याथी त्याचा उरलेला हात धरून बसली.

चौथ्या दिवशी मदेवू संत्री घेऊन आला. इस्पितळाचा खर्च कंपनी करणार होती, झ्वेलीला कॅम्पात बसून करायचे काही काम मिळणार होते. मदेवूने हे सगळे खाटेच्या पायाकडे बघत सांगितले. मग तो म्हणाला, "पुढचा पाहुणा महिनाअखेरीला येतोय. सिंहासाठीच. म्बुसोला माग काढता येतो, भावानंच शिकवलाय. तो माझ्याबरोबर येऊ दे. पगार झ्वेलीचाच."

म्बुसोचे डोळे चमकले. ग्लास पुसणाऱ्या पोराला असली बढती मिळते का कधी? त्याने तोंड उघडले, पण भाऊच आधी बोलला.

"येईल. पण जखमी झालं तर गोळी झाडणारा म्बुसोच्या पुढे चालेल."

मदेवू हसला, मग त्याच्या लक्षात आले की कोणी हसत नाही. "झ्वेली, तुला ठाऊक आहे ही माणसं कशी असतात. यातल्या एकालाही मी जाळीत नेणार नाही."

"मग यातल्या एकाच्याही हातात सिंह देऊ नका," मान्याथी म्हणाली. "ज्याला मागे नेण्याची तुम्हाला भीती वाटते, त्याला तुम्ही पहिली गोळी झाडायला कसं सांगता? बापानं तुम्हाला हे शिकवलं होतं?"

मदेवूचा बाप आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. एका जखमी रानरेड्यामागे तीन दिवस पायी हिंडलेला माणूस होता तो. मदेवूने संत्री कपाटावर ठेवली आणि पुन्हा उचलली, मग परत ठेवली.

"असं केलं तर धंदा बसेल," तो म्हणाला.

"बसू दे," झ्वेली म्हणाला.

म्बुसो दोघांकडे बघत होता. त्याच्या हातातून काय निसटते आहे, ते त्याला चांगले कळत होते. शेवटी तो म्हणाला, "साहेब, पाहुण्याला आधी विचारा. पुढे चालतो म्हणाला तर मला निरोप द्या. मी येतो."

मदेवूने हे मनावर घेतले, एवढे त्याच्या बाजूने सांगायला हवे. सिंहासाठी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो पहिल्या रात्री शेकोटीपाशी हा प्रश्न विचारतो. कोणी हसते, कोणी कंपनीकडे तक्रार करते, कोणी रेड्यावर समाधान मानून जाते. म्बुसो सध्या डांबरी रस्त्यावर सरपण विकतो. त्याला अजून निरोप आलेला नाही.

शेजारच्या कॅम्पात असले काही विचारत नाहीत. तिथे बायका अजून गातात.