अंगठ्याएवढं अंतर

मामाला सगळी गल्ली मामा म्हणायची, पण सख्खी भाची त्याला एकच. ती दातांची डॉक्टर. मामानं चाळीस वर्षं ठोकर खाल्लेल्या गाड्यांचे पत्रे सरळ केले, आणि गॅरेज बंद केल्यापासून तो घरातल्या कपाटांचे दरवाजे सरळ करत होता. सरळ असलेलेसुद्धा. त्यामुळे भाचीचा फोन आला तेव्हा सुटकेचा निःश्वास मामीनं टाकला.

"मामा, जुनी स्पोर्ट्स कार घेतेय. लाल, दोन सीटची. मालक म्हणतात कारखान्यातून आली तशीच आहे, कुणाचा हात लागलेला नाही. तू बघ. तू हो म्हणालास तरच घेणार. डागडुजी केलेली नको, ती मी दिवसभर करतेच."

मालक म्हणजे जहाजावरून निवृत्त झालेले कप्तान. मामा भाचीबरोबर त्यांच्याकडे गेला. त्यांच्या गॅरेजची फरशी मामाच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ होती. त्यांनी गाडीवरची चादर घडी घालत घालत काढली आणि मामाच्या तोंडून आपसूक 'वा!' निघालं. अशा तीन-चार गाड्या एकेकाळी गावात होत्या. आता ही एकच उरली असावी.

पण दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. मामानं आधी नंबर तपासले. चासीवरचा, इंजिनवरचा आणि कागदांवरचा, तिन्ही जुळले. काचांच्या कोपऱ्यातलं साल जुळलं. मग त्यानं रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवलं. खाली पुट्टी भरलेली असली की चुंबक धरत नाही. इथं ते सगळीकडे घट्ट धरत होतं.

"पस्तीस वर्षं ही गाडी फक्त मी चालवली," कप्तान सांगत होते. "बायकोनं कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. गाड्यांची हौसच नव्हती तिला. दोन वर्षांपूर्वी ती गेली. आता एकट्यानं कुठं भटकायचं? म्हणून विकतोय."

मामानं डिकी उघडली आणि तळाचं कार्पेट उचललं. उजव्या कडेला पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके वेडेवाकडे होते, दोन चिकटलेले तर तिसरा लांब. हे बरोबरच होतं. कारखान्यातल्या माणसाला पुढची गाडी गाठायची असते, तो कशाला मोजत बसतोय? डावीकडे बॅटरीचा उजेड टाकला आणि मामा आणखी खाली वाकला. तिथले ठिपके शिस्तीत, एका रांगेत उभे होते. त्यानं दोन ठिपक्यांच्या मध्ये आपला अंगठा टेकवला. चपखल बसला. पुढच्या दोघांत टेकवला, तिथंही बसला. ठिपक्यांमधलं अंतर अंगठ्यानं मोजायची खोड त्या अख्ख्या गावात एकाच माणसाला होती.

आता त्याला सगळं आठवलं. घामाघूम होऊन गॅरेजमध्ये आलेली एक बाई आणि मागून डाव्या बाजूला चेपलेली लाल गाडी. "नवव्या दिवशी ह्यांचं जहाज येतंय. ह्यांना कधीही कळता कामा नये. शब्द द्या," ती म्हणाली होती. मामानं शब्द दिला. पुट्टीचा कणही न वापरता नवा पत्रा घडवून बसवला. वय तरुण, हुनर दाखवायची खुमखुमी! कारखान्यापेक्षा सरस काम करून ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. 'हो' म्हटलं असतं तर भाचीला गाडी मिळाली असती, कप्तानांचा समज शाबूत राहिला असता, आणि ती जागा ओळखणारा दुसरा कुणी नव्हता. पण भाचीनं भरवसा टाकला होता तो नेमका ह्याच एका गोष्टीसाठी. मामानं आजवर गिऱ्हाइकाचं गुपित कधी फोडलं नव्हतं, आणि भाचीला कधी फसवलंही नव्हतं. आज एक काहीतरी मोडणार होतं. त्यानं मनातल्या मनात त्या बाईची माफी मागितली.

"मागून डावीकडे काम झालंय," तो म्हणाला.

"अशक्य!" कप्तान कडाडले. "किंमत पाडायच्या ह्या युक्त्या मला शिकवू नका."

"मामा, नक्की?" भाचीनं विचारलं.

"नक्की. काम माझंच आहे."

"मी तर तुम्हाला आज पहिल्यांदा बघतोय!"

"तुम्ही नव्हता आलात, साहेब. बाई आल्या होत्या."

कप्तान डिकीपाशी आले. त्या ठिपक्यांकडे वाकून बघत म्हणाले, "ती कुठं निघाली होती गाडी घेऊन?"

"कुठं नाही. तुम्ही जहाजावर गेल्यापासून शिकत होत्या. तुम्हाला बंदरावरून आणायला स्वतः गाडी चालवत यायचं होतं त्यांना. मागे घेताना खांबाला लागली. नवव्या दिवशी सकाळी रंग ओलाच होता. संध्याकाळी तुम्ही घरी यायच्या आत गाडी जागेवर पोचवली मी."

कप्तान तिथल्याच स्टुलावर बसले. "टॅक्सी करून आली होती ती. मी म्हणालो, घरी गाडी असून टॅक्सी? तुला कसली म्हणून हौस नाही." त्यांनी गाडीकडे पाहिलं. "नुसती हसली. आणि मी जन्मभर तेच धरून बसलो."

ते उठले आणि डाव्या मडगार्डवरून हात फिरवायला लागले. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसतही होते. "लबाड!" ते म्हणाले. "काय लबाड होती!" शब्द मोडल्याची मामाची रुखरुख तिथंच विरली.

"मी घेणार ही गाडी," भाची म्हणाली.

"अगं, कारखान्याची जशीच्या तशी नाही ती."

"माहितीये. मामा, माझा पेशंट आरशात बघून म्हणतो ना, डॉक्टर, कुठला दात केला ते मलाच सापडत नाही, त्या दिवशी मी आनंदानं दोनदा जेवते. हे काम मला हवंय."

कप्तानांनी किल्ली तिच्या हातात ठेवली, पण मूठ सोडली नाही. "देतो. पण आधी एक काम कर, पोरी. मला बंदरावर सोड. दहा मिनिटं कुठंतरी फिरून ये, आणि मग मला न्यायला ये."

भाचीनं मामाकडे पाहिलं. मामानं गॅरेजचं दार पूर्ण उघडलं.

स्वतःच्याच गाडीत शेजारच्या सीटवर बसायची कप्तानांची ही पहिलीच वेळ होती. पट्टा कुठून ओढायचा तेही त्यांना उमगेना, तो भाचीनं लावून दिला. त्यांनी केसांवरून हात फिरवला, शर्टाची कॉलर नीट केली.

"सावकाश चालव," ते म्हणाले. "जहाज लागायला अजून वेळ आहे."