मोटारीची जीभ

सुकीच्या लग्नाचा मांडव घातला त्याच उन्हाळ्यात, म्हणजे अठ्ठेचाळीस साली, जव्हार संस्थान विलीन झालं. सुकीचा बाप पुंजा हा रावसाहेब गुप्त्यांची मोटार चालवायचा. रावसाहेब संस्थानात कारभारी होते. विलीनीकरणात त्यांचा कारभार गेला, हुजरे गेले, त्यांच्या मागोमाग मुजरेही गेले. राहिली एक जुनी उघडी मोटार आणि तिच्या मागून निघणारा धूर.

त्या धुराच्या दोन नळ्यांची टोकं गंजून गळून पडली होती. दिवाळीच्या तोंडावर मोखाड्याला नव्या विहिरीचं उद्घाटन होतं आणि रावसाहेबांना बोलावणं आलं होतं.

"पुंजा, नळ्यांना नवी तोंडं बसव," ते म्हणाले. "चकचकीत, तारप्यासारखी पसरट. मोखाड्यात लोकांनी हात जोडले पाहिजेत. हसले, तर मोटार विकतो. मग तू जा परत लाकडं तोडायला."

पुंजा त्या दिवशी नीट जेवला नाही. कुऱ्हाड त्याला नवी नव्हती. पण चाक हातात आल्यापासून पाड्यावर त्याला 'पुंजा डायवर' म्हणत. कुऱ्हाडवाल्याला कोणी काही म्हणत नाही.

तो दाभोशाला जिवाकडे गेला. जिवा तारपे, म्हणजे नाचाला फुंकून वाजवायची वाद्यं, बनवायचा. वाळका दुधी, बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत फुंकरीने थरथरणाऱ्या जिभा आणि शेवटी ताडाच्या पानांचं पसरट तोंड.

"तशी तोंडं करून दे," पुंजा म्हणाला. "पण पितळेची. आतनं जाळ येतो."

"दोन तोंडांनी खाते काय रं तुझी मोटार?"

"खात नाय. मागनं सोडते."

जिवा गंभीरपणे म्हणाला, "सोडू दे. पण तोंड म्हटलं की जीभ आली."

म्हातारा थट्टा करतोय, असं पुंजाला वाटलं. जिवाने पितळेचे दोन जुने तांबे कापून तोंडं घडवली. पुंजाने ती जव्हारला आणली, मोटारीखाली उताणा शिरला आणि पट्ट्यांनी आवळून बसवली. बायको धोंडीबाई कंबरेवर हात ठेवून बघत होती.

"लेकीच्या लग्नात माझ्या नाकात फुली नव्हती," ती म्हणाली, "आणि हिच्या ढुंगणाला पितळ."

सपाटीवर मोटार नुसती घुमली. मोखाड्याच्या वाटेवर पहिला चढ लागला, पुंजाने पाय दाबला आणि मोटार तारप्यासारखी वाजायला लागली. आत जिवाने खरंच पितळेच्या जिभा बसवल्या होत्या.

"हे काय रे?" रावसाहेब म्हणाले.

"चढ आहे जी," पुंजा म्हणाला. त्याच्या डोळ्यांपुढे कुऱ्हाड दिसत होती.

नवा तांदूळ निघाला होता, तारप्याचे दिवस होते. शेतांतून माणसं धावत आली, एकमेकांच्या कंबरेत हात घालून मोटारीमागे नाचू लागली. आणि तारप्याला कोणी पाठ दाखवत नाही. मोखाड्याला मोटार थांबली, तेव्हा सगळं गाव मोटारीच्या मागे, नळ्यांकडे तोंडं करून उभं होतं. पुढे रावसाहेब हात जोडून एका बकरीकडे बघत होते.

शेवटी ते उतरून मागे गेले. तिथे बुधी नावाची म्हातारी होती. डोंगरात 'अहो' नसतं.

"तू कोण रं? उभा काय? धर कंबर," म्हणत तिने त्यांना रांगेत ओढलं. पुंजा पाय दाबून बसला. सोडावा तर आवाज बंद होणार, मग रावसाहेबांना बोलायला सुचणार. टोपी पडली, धोतर सुटत आलं, तरी रावसाहेब गोल फिरत राहिले. लोक हसले. पोट धरून हसले.

परत निघताना पुंजाने किल्ली पुढे केली. "हसले जी. कधी विकता?"

रावसाहेब धापा टाकत होते. "विकतोय कशाला? माझी बसायची जागा फिरव. तोंड मागे करून."

पुंजाने बैठक उलटी बसवली. तेव्हापासून रावसाहेब कुठेही निघाले की मागे नाचणाऱ्यांना हात जोडत जात. पुढे काय येतंय ते पुंजा बघायचा.

रावसाहेब गुप्ते त्रेपन्न सालच्या श्रावणात वारले. पुंजा डायवर एकोणसाठच्या होळीनंतर वारला.