बाराव्या कळीखालचे त्र्याण्णव ठोके

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या पोटातून काय गेले हे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी मी कुंडल गावातल्या घरात नव्या कॉम्प्युटरला जोडलेला होतो आणि माझी प्रत्येक कळ नीट चालत होती.

भेटायला आलेली स्वप्नाली चहा पिऊन निघाली होती. ती तासगावात मुलींना टायपिंग शिकवते. ती स्वतः शिकली संयोगिताबाईंकडे, माझ्यावरच. बाईंना जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. त्यांचे यजमान उदयसिंह यांनी तिला सहज मोबाईलमधला एक फोटो दाखवला. सांगलीच्या मेकॅनिकने पाठवलाय, कीबोर्ड किती बिघडला होता बघ, असे म्हणाले. फोटोत पडद्यावर चार इंग्रजी अक्षरे होती. व्ही, जी, के, एस. पुढच्या अक्षरांवर ट्यूबलाईटचा उजेड पडून सगळे पांढरे झाले होते.

स्वप्नालीने हातातली पिशवी खाली ठेवली. तिची बोटे टेबलावर चार वेळा हलली.

"काका, ह्यो बिघाड न्हाई. मराठी हाय."

"ही कसली मराठी?"

"काकूंच्या जुन्या टायपिंगातली. व्ही दाबला की अ उठतो. जी म्हंजी ह. के आन् एस मिळून त्याच ह चा हो." तिने फोटोवर बोट ठेवले. "अहो लिवलंय, काका."

उदयसिंहांनी पुढे काय आहे ते विचारले. पुढचे दिसत नाही, असे ती म्हणाली.

आता मी माझी हकिकत सांगतो. मी परदेशातल्या कारखान्यात तयार झालो. माझा पाया लोखंडी पत्र्याचा, आणि प्रत्येक कळीखाली एक स्प्रिंग. पुण्यातले एक ऑफिस बंद पडले तेव्हा तिथले सामान विकायला निघाले, त्यात संयोगिताबाईंनी मला घेतले. त्या वेळी उदयसिंह फौजेत गाडी चालवत होते, कधी लेहला, कधी जोधपूरला. बाईंनी तासगावात स्टँडसमोर दुकान टाकले. बेदाण्याच्या पेट्यांची लेबले, वकिलांचे अर्ज, सोसायटीच्या सभेच्या नोटिसा, सगळे माझ्यावर झाले. एसटी गाडी फलाटावर घुरघुरत असली तरी माझा आवाज रस्त्यापलीकडे जाई. लोक म्हणत, बाईंच्या दुकानात गारा पडायला लागल्या.

माझ्यात एक गुण होता. वरच्या ओळीत बारा कळा होत्या. त्यांतल्या कोणत्याही कळीखाली शंभरेक ठोके साठवून ठेवता येत. मग ती एक कळ दाबली की सगळे ठोके मी आपोआप ओळीने टाकत असे. वीज गेली, तार काढली, तरी ते पुसले जात नसत, कारण ते माझ्या पोटातल्या जुन्या सर्किटवर, एका काळ्या तुकड्यात राहत. पहिल्या कळीखाली बाईंनी 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' हे ठेवले होते. दुसरीखाली वकिलांच्या अर्जाची सुरुवात. अशा अकरा कळा भरल्या होत्या. बारावी मोकळी होती. फाईल कुणीही उघडते, कळीखालचे आपल्यापाशी राहते, असे त्या मुलींना सांगत.

मग बाई आजारी पडल्या. दुकान बंद झाले, मी कुंडलला आलो. मिरजेच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पुढे पुढे त्यांना पेन धरवेना, पण कळांवर बोटे ठेवली की ती आपोआप जागेवर जात. एका दुपारी उदयसिंह उसाला पाणी द्यायला गेले होते. बाईंनी माझी बारावी कळ भरायला घेतली. भरताना पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे काय लिहिले ते त्यांनाही दिसले नाही. त्र्याण्णव ठोके झाले. मधे दोनदा त्या बराच वेळ थांबल्या. मित्रांनो, मला ठोका कळतो, अर्थ कळत नाही. कोणता ठोका कोणत्या क्रमाने पडला, ते त्या काळ्या तुकड्यालाच माहीत.

दोन दिवसांनी मिरजेला निघताना त्या उदयसिंहांना म्हणाल्या, "माझा कीबोर्ड भंगारात घालू नगा. परत आले की तुमाला एक दावायचं हाय." त्या परत आल्या नाहीत.

पावसाळ्यात जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्याला माझी जाड गोल पिन बसेना. उदयसिंहांना टायपिंग येत नाही. त्यांना फक्त घरात तो आवाज हवा होता. आणि भंगारात घालायचा नाही, हा शब्द पाळायचा होता. म्हणून ते मला टॉवेलात गुंडाळून सांगलीला त्या मेकॅनिकच्या, राजवर्धनच्या दुकानात घेऊन गेले.

राजवर्धन कामाला चोख आहे. त्याने दोन रस्ते सांगितले. पहिला म्हणजे माझे जुने सर्किट तसेच ठेवायचे आणि तारेच्या मधे एक छोटी डबी बसवायची. मी जुन्या भाषेत बोलणार, डबी ते नव्या कॉम्प्युटरला समजावणार. दुसरा म्हणजे जुने सर्किट काढून टाकायचे आणि अंगठ्याएवढा नवा कंट्रोलर माझ्या कळांच्या तारांना थेट जोडायचा. आधी त्याने डबी लावून पाहिली. सगळी अक्षरे बरोबर आली. मला वाटले, सुटलो.

मग त्याने वरची ओळ दाबली. त्याच्या कॉम्प्युटरात बाईंचे मराठी टायपिंग नव्हते, म्हणून प्रत्येक कळीला पडदा इंग्रजी अक्षरांनी भरून गेला. शेवटी बारावी दाबली. मी सगळेच्या सगळे त्र्याण्णव ठोके टाकले. मला बोलता येते ते एवढेच.

"व्ही जी के एस," राजवर्धन वाचत म्हणाला. "ही कुटली औषदाची कंपनी म्हनायची? काका, ह्याचं डोस्कं फिरलंय. बरळतंय." त्याने पुरावा म्हणून फोटो काढून शेजारी उभ्या असलेल्या उदयसिंहांच्या मोबाईलवर पाठवला आणि पडदा पुसून टाकला.

उदयसिंहांनी टॉवेलाची घडी घातली. मग त्यांनी विचारले, "ह्यात तिचं काय ऱ्हायलं नसंल न्हवं?"

"कीबोर्डात काय ऱ्हातंय, काका? असतंय ते कॉम्प्युटरात."

उदयसिंहांनी तीस वर्षे फौजेत गाडी चालवली होती. त्यांना गाडीचे कळते. "मिस मारनारं, मधीच झटकं देनारं इंजान घाटात नेत न्हाईत," ते म्हणाले. "नवं टाक."

राजवर्धनने कटर घेतला. माझे पोट उघडले, जुन्या तारा कापल्या, सर्किट उचकटून एका खोक्यात टाकले. मग सोल्डरिंगचा कईया तापवून नवा कंट्रोलर जोडला. तासाभरात मी कुंडलच्या वाटेवर होतो. उदयसिंह रोज सकाळी माझ्यासमोर बसून एका बोटाने कळा दाबू लागले. घरात आवाज झाला. त्यांना बरे वाटे. आणि माझी बारावी कळ दाबली तरी आतून काहीच येत नसे.

स्वप्नालीने ती अक्षरे लावल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उदयसिंह पहिल्या गाडीने सांगलीला गेले. राजवर्धनने तीन खोकी पालथी केली. सर्किट सापडले. उचकटताना त्या काळ्या तुकड्याचा तारेसारखा बारीक असा एक पाय मुळापासून तुटला होता.

"तुकडा कोरून तार जोडता येतीया," राजवर्धन खाली बघत म्हणाला. "पन जरा जास्त तापलं तर आत असंल ते जळंल. एकदाच जमंल, काका. तुमी म्हनाल तवा."

उदयसिंह सर्किट घरी घेऊन आले. स्वप्नालीने तिच्याकडच्या कॉम्प्युटरवर जुने टायपिंग सुरू करून ठेवले आहे. तार जोडून घ्यायची का, असे ती दर रविवारी येऊन विचारते. त्यावर उदयसिंह चहा ठेवतात.

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू काही बोलत असेल आणि ते तुम्हाला समजत नसेल, तर तिचे पोट उघडण्याआधी ते कागदावर उतरवून घ्या. चार माणसांना दाखवा. त्यांतला एक तरी ती वस्तू वापरलेला असू द्या. माझ्या बाबतीत हे घडले नाही. दोष कुणाचाच नाही, पण घडले नाही.

सर्किट आता कपाटात, बाईंच्या रिपोर्टांच्या फायलीवर ठेवले आहे. राजवर्धनचे दोन फोन येऊन गेले. तार जोडायची की नाही, हे उदयसिंहांनी अजून सांगितलेले नाही.